लॉगबुकातला मास्तर

राजेमहाराजांना बखरकार मिळतात, संतांना चरित्रकार मिळतात आणि पुढाऱ्यांना तर हयातीतच गौरवग्रंथ मिळतो. गावच्या प्राथमिक शाळेत तीस-तीस वर्षे फळा आणि खडू यांच्या संगतीत घालविणाऱ्या मास्तराच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. निरोपाच्या दिवशी एक हार, एक नारळ, जमल्यास एक शाल, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खुर्चीवर दुसरा मास्तर. मागे उरते ते त्याने स्वहस्ते लिहिलेले दप्तर. हजेरीपट, दाखल-खारीज रजिस्टर, फीची वही, शेरेबुक. हे सारे कपाटाच्या तळाशी जाते, त्यावर वाळवीची कृपा होते आणि एखाद्या शिक्षकाच्या आयुष्याचा एकमेव लेखी पुरावा रद्दीत निघून जातो.

इंग्लंड आणि वेल्स या देशांत मात्र एका सरकारी नियमामुळे एकोणिसाव्या शतकातील सामान्य शिक्षकाचे दप्तर फार मोठ्या प्रमाणावर टिकून राहिले. तेथील जिल्ह्या-जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत जाड पुठ्ठ्याच्या, आखीव पानांच्या, टाकाने लिहिलेल्या शेकडो वह्या जपून ठेवलेल्या आहेत. त्यांना ‘लॉगबुक’ म्हणतात. हा शब्द आपल्याला परका नाही. आपल्या शाळांतही मुख्याध्यापक शिक्षकाचा पाठ पाहून आपला शेरा लॉगबुकातच लिहितात. मूळ शब्द जहाजावरचा. गलबताचा वेग मोजण्यासाठी खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात सोडीत, आणि त्या मोजणीची नोंद ज्या वहीत करीत ती लॉगबुक. समुद्रावरचा हा शब्द शाळेत कसा शिरला, आणि त्या वहीत मास्तरांनी काय लिहिले व काय लिहिले नाही, हे पालक आणि विद्यार्थी या दोघांनीही पाहण्यासारखे आहे.

गोष्ट सुरू होते ती पैशापासून. इंग्लंडात १८३३ पर्यंत गोरगरिबांच्या शिक्षणासाठी सरकार एक पेनीही देत नसे. त्या वर्षी पार्लमेंटने प्रथमच २०,००० पौंड मंजूर केले, तेही शाळागृहे बांधण्यास मदत म्हणून. शाळा चालवीत त्या मुख्यतः चर्चशी संबंधित संस्था. पुढे १८३९ मध्ये शिक्षणाचे काम पाहणारी सरकारी समिती स्थापन झाली, इन्स्पेक्टर नेमले गेले, आणि १८४६ पासून शिक्षक तयार करण्याची एक पद्धत अंमलात आली. तेरा वर्षांच्या हुशार मुलाला वा मुलीला पाच वर्षांसाठी शाळेतच शिकाऊ शिक्षक म्हणून घ्यावयाचे, दिवसा त्याने खालच्या वर्गांना शिकवावयाचे आणि शाळेच्या वेळेबाहेर मुख्य शिक्षकाने त्याला शिकवावयाचे, अशी ती रीत होती. या उमेदवाराला वर्षाला १० पौंड मिळत व ते वाढत वाढत २० पर्यंत जात. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रमाणित शिक्षकाच्या पगारात सरकार थेट भर घाली. गरीब घरातल्या मुलाला समाजात वर येण्याची ही एक बरी वाट होती.

पण खर्च वाढत गेला. क्रिमियाच्या युद्धाने (१८५३ ते १८५६) तिजोरीला ओढ लागलेली. चौकशीसाठी नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने १८६१ मध्ये अहवाल दिला. त्याचे म्हणणे असे, की शाळांत हुशार मुलांकडे लक्ष दिले जाते, सामान्य मुलांना धड लिहिता-वाचता येत नाही. शिक्षणखात्याचे काम पाहणारे मंत्री रॉबर्ट लो यांनी त्यावर जो उपाय शोधला तो १८६२ ची ‘सुधारित संहिता’ म्हणून प्रसिद्ध आहे. या व्यवस्थेने शिक्षण महाग राहिले तर निदान ते चांगले असेल, आणि चांगले नसेल तर निदान स्वस्त तरी पडेल, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब खरोखरच वाण्याचा होता.

तो असा. शाळेतील सरासरी हजेरीप्रमाणे दर मुलामागे ४ शिलिंग. शिवाय, सहा वर्षांवरील जे मूल वर्षातून दोनशेहून अधिक वेळा (सकाळची एक वेळ, दुपारची एक वेळ) हजर राहिले असेल त्याची इन्स्पेक्टरने वाचन, लेखन आणि अंकगणित या तीन विषयांत परीक्षा घ्यावयाची. तिन्हींत उत्तीर्ण झाल्यास ८ शिलिंग. एकेका विषयात नापास झाल्यास दर विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स वजा. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, हे ध्यानात घेऊन विद्यार्थ्यांनी एक उदाहरण सोडवून पाहावे. पन्नास मुलांच्या शाळेत दहा मुले गणितात नापास झाली तर शाळेचे नुकसान किती? उत्तर : १ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. हे अनुदान आता शिक्षकाच्या हाती न पडता शाळेच्या व्यवस्थापकांच्या हाती जाई, आणि पुष्कळ ठिकाणी शिक्षकाच्या पगाराचा काही हिस्सा या अनुदानावरच ठरलेला असे. म्हणजे पोराने वजाबाकीत चूक केली की मास्तराच्या ताटातली भाकरी कमी होत असे. पूर्वी कबूल केलेले निवृत्तिवेतनही याच सुमारास काढून घेण्यात आले.

सरकारचा हेतू मात्र साध्य झाला. शिक्षणावरील अनुदान १८६२ च्या सुमारास ८ लाख पौंडांच्या वर गेले होते, ते १८६५ मध्ये साडेसहा लाखांच्या खाली उतरले. शिकाऊ शिक्षकांची संख्याही पहिल्या चार-पाच वर्षांत झपाट्याने घटली. स्वस्त तर पडले खरे.

याच संहितेत लॉगबुकाचा नियम होता. मुख्य शिक्षकाने शाळेतील घडामोडींची नोंद एका मजबूत बांधणीच्या वहीत करावी, सुरुवातीला रोज आणि पुढे निदान आठवड्यातून एकदा. कोण कामावर रुजू झाले, कोण सोडून गेले, कोण आजारी पडले, शाळेला कोणी भेट दिली, अभ्यास कुठवर आला, एवढेच लिहावे. आणि एक सक्त ताकीद अशी, की सर्वसाधारण स्वरूपाचे विचार अथवा मते या वहीत लिहू नयेत. वर्षाकाठी इन्स्पेक्टर येई तेव्हा तो ही वही पाही. त्याच्या तपासणीचा अहवाल त्याच वहीत उतरवून ठेवला जाई.

गंमत अशी, की ज्या मास्तराला मत लिहिण्याची बंदी होती तोच मास्तर या वहीत पानोपानी दिसतो. इन्स्पेक्टर वाचणार हे त्याला ठाऊक. व्यवस्थापक मंडळाचा पाद्री वाचणार हेही ठाऊक. म्हणून तो शब्द मोजून लिहितो. तक्रार करावयाची असेल तर हवामान लिहितो. आज पाऊस, हजेरी अत्यल्प. आज बर्फ, लांबच्या वस्त्यांवरची मुले आली नाहीत. दौतीतली शाई गोठली. खोलीत धूर कोंडल्याने शेगडी पेटविता आली नाही. नियमाप्रमाणे या सगळ्या नुसत्या घटना. पण जो रोज सकाळी हजेरी मांडतो आणि ज्याचे पोट त्या हजेरीवर आहे त्याच्या लेखणीतून आलेल्या या घटना वाचताना माणूस हवामानाचा तक्ता वाचत नाही.

हजेरी हा तर या वह्यांचा मुख्य विषय. कोणत्याही खेड्यातले लॉगबुक उघडावे आणि वर्षाचे ऋतुचक्र त्यात पाहून घ्यावे. वसंतात पेरणी झाली की मुले शेतावर पाखरे राखावयास जातात. लहान मुले शेतातले दगड वेचतात. उन्हाळ्यात गवताची कापणी. मग गव्हाची कापणी आणि तिच्या मागोमाग सरवा. धनी पीक घेऊन गेल्यावर शेतात गळालेली कणसे बायकामुलांनी वेचावयाची आणि त्यावर हिवाळ्याची थोडीफार बेगमी करावयाची, ही तिकडची जुनी चाल होती. केंट परगण्यात शरदाच्या तोंडाशी हॉप नावाच्या वेलीची तोडणी निघे, तेव्हा घरेच्या घरे मळ्यांवर मुक्कामाला जात. मागून बटाट्याची काढणी. शाळेची मोठी सुट्टीही पंचांगाप्रमाणे नव्हे, पिकाप्रमाणे लागे. पीक उशिरा तयार झाले की सुट्टी लांबवावी लागे, आणि सुट्टी संपून शाळा उघडली तरी निम्मे बाक रिकामेच असत. आपल्याकडे भातलावणीच्या आणि ऊसतोडणीच्या दिवसांत हजेरीपटाची जी दशा होते ती ज्याने पाहिली आहे त्याला हे वर्णन परदेशातले वाटणार नाही.

येथे पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. त्या मुलांचे आईबाप शिक्षणाचे वैरी नव्हते. शेतमजुराच्या घरी मुलाने आणलेले चार पेन्स म्हणजे पाव-भाकरीचा प्रश्न होता. उलट शाळेत पाठवावयाचे तर दर आठवड्याला एक-दोन पेन्स फी भरावी लागे. सोमवारी सकाळी फी गोळा करणे हे मास्तराचे काम. तीन भावंडे असली की त्यांतले एक घरी राही. थोरल्या मुलीच्या नावापुढे तर गैरहजेरीची कारणे ठरलेली असत. आई बाळंत झाली, धाकटे आजारी आहे, घरी धुण्याचा दिवस आहे. हिवाळ्यात आणखी एक कारण वारंवार आढळते, ते म्हणजे पायांत बूट नाहीत. आणि हे कारण लिहिणारा मास्तर जाणून असतो, की दोनशे हजेऱ्या भरल्या नाहीत तर हे मूल परीक्षेला बसणार नाही आणि त्याचे शिलिंग बुडणार. कोणाच्या बाजूने त्याने लिहावे? मुलावर दया करावी तर पगार जातो, पगारावर लक्ष ठेवावे तर बिनबुटाच्या पोराला बर्फातून ओढून आणावे लागते. या पेचाला वहीत जागा नव्हती. तो आपणच ओळींच्या मधून वाचावयाचा.

गिरणगावांतली तऱ्हा निराळी. लँकेशायर-यॉर्कशायरकडे ‘अर्धवेळ’ मुले असत. १८४४ च्या कारखाना कायद्याने लहान मुलांना निम्मा दिवस गिरणीत आणि निम्मा दिवस शाळेत, अशी व्यवस्था लावून दिली होती. सकाळी सहाला गिरणीत उभे राहिलेले मूल दुपारी वर्गात बसले की डुलक्या घेई. त्याला उठवावे की झोपू द्यावे? ही अर्धवेळ पद्धत बंद करणारा कायदा व्हायला १९१८ साल उजाडावे लागले.

आता तपासणीच्या दिवसाकडे वळू. आपल्याकडचे जुने लोक डेप्युटी इन्स्पेक्टरला ‘दिपोटी’ म्हणत आणि दिपोटी येणार म्हटले की गावातल्या पिंपळावरची पाखरेसुद्धा गप्प बसतात, असे विनोदाने सांगत. तिकडेही तेच. सहा इयत्ता किंवा ‘स्टँडर्ड’ ठरवून दिलेले होते. पहिल्या इयत्तेत एकाक्षरी शब्दांचा सोपा मजकूर वाचणे, फळ्यावर किंवा पाटीवर सांगितलेली अक्षरे काढणे आणि विसापर्यंत आकडे. सहाव्या इयत्तेत वर्तमानपत्रातला एखादा साधा परिच्छेद वाचणे, तसाच दुसरा सांगितल्यावर लिहून काढणे आणि व्यापारी बिलांचा हिशेब. बस्स. इतिहास, भूगोल, निसर्ग यांना १८६२ च्या हिशेबात पैसे नव्हते, म्हणून शाळेत वेळही नव्हता. पुढे १८६७ नंतर हळूहळू इतर विषयांसाठीही थोडे अनुदान मिळू लागले तेव्हा ते विषय वेळापत्रकात परत आले. ज्याला पैसा त्याला तास, असा तो न्याय.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. वाचनाचे पुस्तक ठरलेले, मग मुलांकडून ते वर्षभर घोकून घेतले जाई. मुले पुस्तक हातात धरून घडाघडा ‘वाचीत’, आणि त्याच पातळीचे दुसरे पुस्तक पुढे केले की गप्प होत. प्रख्यात कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे १८५१ ते १८८६ अशी पस्तीस वर्षे शाळा-इन्स्पेक्टर होते. त्यांनी आपल्या अहवालांतून हाच धोका पुनःपुन्हा दाखवून दिला. या परीक्षेत मूल उत्तीर्ण होऊ शकते आणि तरीही त्याला वाचता येत नाही, असे त्यांचे सांगणे होते. स्वतः सरकारी नोकर असून सरकारी धोरणावर टीका करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, हे नमूद केले पाहिजे. पण अर्नोल्ड होते एक, आणि शाळा हजारो.

तपासणीच्या आधीच्या आठवड्यांतल्या नोंदी वाचाव्यात. रोज उजळणी. मंद मुलांना दुपारी थांबवून घेतले. गणितात अजून कच्ची. शुद्धलेखन बरे. गैरहजर मुलांच्या घरी जाऊन आलो. मग तो दिवस येतो, आणि त्या दिवसाची नोंद बहुधा एका ओळीची असते : आज इन्स्पेक्टरसाहेबांनी परीक्षा घेतली. त्यानंतर काही आठवड्यांनी अहवाल येतो. शिस्त समाधानकारक, वाचन ठीक, तिसऱ्या इयत्तेचे गणित असमाधानकारक, अशा धर्तीचा. हा अहवाल त्याच वहीत कायमचा राही. शिवाय काही दशके अशी रीत होती, की इन्स्पेक्टर शिक्षकाच्या प्रमाणपत्रावरही दरवर्षी शेरा लिही. म्हणजे एखाद्या वर्षी गावात गोवराची साथ आली आणि निकाल पडला तर त्याचा डाग शिक्षकाच्या प्रमाणपत्रावर जन्मभर राही. दुसऱ्या गावी नोकरी मागावयास गेले की तेच प्रमाणपत्र दाखवावयाचे!

फ्लोरा थॉम्प्सन या लेखिका १८८० च्या दशकात ऑक्सफर्डशायरमधील कॉटिसफर्ड या लहानशा गावच्या शाळेत शिकल्या. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी इन्स्पेक्टरच्या भेटीचे चित्र मुलीच्या नजरेने रेखाटले आहे, आणि त्यात मुलांइतकीच बाईंचीही भीती दिसते. आपल्याला तर त्याहून जवळचे उदाहरण ठाऊक आहे. राजकोटच्या हायस्कुलात पहिल्याच वर्षी जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर आले, त्यांनी पाच शब्द लिहावयास सांगितले, त्यांतला ‘केटल’ हा शब्द मोहनदास गांधी या विद्यार्थ्याने चुकीचा लिहिला, आणि शेजारच्या मुलाची पाटी पाहून दुरुस्त कर म्हणून मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावले. महात्माजींनी आत्मकथेत हा प्रसंग सांगितला आहे. आपण सारे त्यातून विद्यार्थ्याचा सच्चेपणा घेतो, ते योग्यच आहे. परंतु एक शिक्षक म्हणून मला त्या बुटाच्या टोकाचाही विचार करावासा वाटतो. गांधीजींनी त्या शिक्षकाविषयी मनात अनादर ठेवला नाही. तो शिक्षक वाईट होता असे मलाही वाटत नाही. सगळ्या वर्गाचे पाचही शब्द बरोबर यावेत असा धाक ज्याच्या डोक्यावर आहे, तो माणूस काय करील?

वेल्सच्या लॉगबुकांत या धाकाला आणखी एक धार आहे. वेल्समधील बहुसंख्य मुलांच्या घरची भाषा वेल्श. परीक्षा इंग्रजीत. १८४७ साली निघालेल्या सरकारी अहवालाने वेल्श भाषेला मागासलेपणाचे कारण ठरवून आधीच लोकांची मने दुखावली होती. त्यात १८६२ नंतर वेल्श वाचता येण्याला एक पेनीही मिळेना. मग मास्तर, जो पुष्कळदा स्वतःही वेल्शभाषकच असे, वहीत नोंद करू लागला, की मुलांना शाळेत वेल्श बोलू नये अशी समज दिली. काही शाळांत ‘वेल्श नॉट’ नावाचा प्रकार होता. वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवावयाचा. त्याने दुसरा कोणी बोलताना पकडला की तो तुकडा त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. घरच्या भाषेत बोलल्याबद्दल मुलाने मुलावर पाळत ठेवावी, ही शिस्त! ओवेन एडवर्ड्स या मुलाने (जन्म १८५८) लानुखलिन या गावी हा तुकडा गळ्यात वागवला होता. तो पुढे ऑक्सफर्डला शिकला, विद्वान झाला, आणि १९०७ मध्ये वेल्समधील शाळांचा मुख्य इन्स्पेक्टर झाला. त्याने आपल्या हयातीत वेल्शला शाळेत मानाने परत आणण्यासाठी कष्ट घेतले. घरात एक बोली, वस्तीत दुसरी आणि पुस्तकात तिसरी भाषा असलेल्या मुलांना शिकविणाऱ्या आपणा शिक्षकांना या गोष्टीतले दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

असो. मास्तराच्या वाट्याला फक्त शिकवणे असते तरी बरे होते. खेड्यातली जागा भरताना पुष्कळदा नवरा-बायको दोघेही हवेत अशी अट असे. नवऱ्याने शाळा चालवावी, बायकोने मुलींना शिवण शिकवावे. शाळेला लागूनच घर. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजविणे, गायकवृंद सांभाळणे, रविवारची शाळा घेणे, ही कामे पगाराबाहेरची, पण नाही म्हणण्याची सोय नाही, कारण व्यवस्थापक मंडळात पाद्रीच प्रमुख. जमीनदारीणबाई येऊन शिवण पाहून जात. याविरुद्ध एकट्या मास्तराचे काही चालणार नव्हते. १८७० मध्ये प्राथमिक शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिने या वेठबिगारीविरुद्ध व निकालावरील अनुदानाविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठविला. याच वर्षी फॉर्स्टर यांचा शिक्षण कायदा झाला, लोकनियुक्त स्कूल बोर्डे आली, १८८० मध्ये पाच ते दहा वर्षे वयाच्या मुलांना हजेरी सक्तीची झाली, आणि १८९१ पासून सरकारने दर मुलामागे १० शिलिंग देऊन बहुतेक शाळांतली फी बंद केली. सोमवारच्या पेन्सांची कटकट संपली तेव्हा अनेक मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला असेल.

शिकाऊ शिक्षकांच्या नोंदी वाचताना मला विशेष वाईट वाटते. चौदा-पंधरा वर्षांचा पोर, चाळीस मुलांसमोर उभा. दिवसभर शिकवून शाळेआधी किंवा नंतर त्याने स्वतःचा धडा मास्तरांना द्यावयाचा. त्याचा धडा कच्चा होता, त्याला वर्ग आवरता आला नाही, त्याने मुलाला मारले म्हणून त्याला समज दिली, अशा नोंदी पुष्कळ. यांतूनच पुढचे मास्तर तयार झाले, आणि त्यांनी आपल्या हाताखालच्या पोरांबद्दल तशाच नोंदी केल्या.

याच वह्यांत ‘ऑब्जेक्ट लेसन’च्या याद्या सापडतात. कोळसा, मीठ, गाय, उंट, काच, साखर. वस्तू किंवा तिचे चित्र मुलांसमोर ठेवून तिच्यावर बोलावयाचे. आपला ‘वस्तुपाठ’ हा शब्द याच पद्धतीवरून आला. आता आपण तो आदर्श या अर्थाने सभेत वापरतो, पण मुळात तो चिमुकल्यांच्या वर्गातला शब्द आहे. उंटाचा धडा बर्फातल्या मुलांना किती समजला असेल, कोण जाणे!

आणि साथी. गोवर, डांग्या खोकला, स्कार्लेट फीवर, घटसर्प. लसी नव्हत्या, औषधे नव्हती. आधी दोन-तीन मुले गैरहजर, मग एका घरातली सगळी, मग आरोग्याधिकाऱ्याच्या हुकमाने शाळा बंद. दोन-चार आठवड्यांनी शाळा उघडल्याची नोंद आणि तिच्यात कधी एखाद्या मुलाचे वा मुलीचे नाव, मरण पावल्याचे. एवढेच. मते लिहू नयेत असा नियम होता ना! ज्या हाताने त्या मुलीला पाटीवर पहिले अक्षर गिरवून दिले त्याच हाताने हजेरीपटावरचे तिचे नाव कमी करावयाचे. शाळेला लागूनच घर असल्याने साथ मास्तराच्या उंबऱ्यालाही थांबत नसे, आणि त्याच्या स्वतःच्या मुलाच्या आजारपणाची नोंदही इतर नोंदींसारखीच एका ओळीत येते.

निकालाप्रमाणे पैसे, ही कल्पना समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली. मुंबई इलाख्यात सर अलेक्झांडर ग्रँट हे शिक्षणसंचालक असताना, १८६५ च्या सुमारास, खाजगी शाळांना अनुदान देताना तिचा अवलंब झाला. १८८२ मध्ये हंटर आयोग चौकशीस बसला तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी त्यापुढे दिलेल्या निवेदनात या पद्धतीचा विचार केलेला आहे. गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षणप्रसार करावयास ही पद्धत उपयोगाची नाही, कारण त्यांच्यात शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, आणि अशा वस्तीत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढणाऱ्या शिक्षकाचे पोटही तिच्यावर भरणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. खेड्यातल्या लायक शिक्षकाला दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावी तो १५ ते २० असावा, हीही त्यांची मागणी होती. अर्नोल्डसाहेब लंडनमध्ये बसून जे सांगत होते तेच पुण्याच्या या माणसाने स्वतःच्या अनुभवाने ओळखले होते. जोतीरावांचे बोलणे मला अधिक नेमके वाटते, कारण त्यात वर्गातल्या मुलाबरोबर मास्तराच्या चुलीचाही विचार आहे.

इंग्लंडात १८९० पासून ही पद्धत सैल होत गेली आणि १८९७ पर्यंत ती संपली. पस्तीस वर्षांत एक अख्खी पिढी शिकून, त्यातली काही शिक्षक होऊन गेली होती. एडमंड होम्स हे १८७५ पासून इन्स्पेक्टर होते, पुढे मुख्य इन्स्पेक्टर झाले. निवृत्तीनंतर १९११ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहून या पद्धतीवर कडक टीका केली आणि तिची अंमलबजावणी करणाऱ्यांत आपणही होतो हे मोकळेपणाने मान्य केले. तीत मुलांची जिज्ञासा आणि शिक्षकाचा पुढाकार ही दोन्ही मारली गेली, असे त्यांना दिसून आले. तीस वर्षे ज्यांच्या वह्यांवर त्यांनी शेरे लिहिले त्या मास्तरांपैकी किती जण ते पुस्तक वाचावयास उरले होते, हे सांगता येत नाही.

पद्धत गेली, लॉगबुके चालूच राहिली. एकेका वहीत तीन-तीन, चार-चार मास्तरांचे हस्ताक्षर सापडते. एकाचे वळणदार, तिरपे, टाकाचा दाब सारखा ठेवून काढलेले. दुसऱ्याचे घाईचे, शाईचे डाग पडलेले. एका बाईंचे इतके बारीक की भिंगाखाली धरावे. त्या बाई लग्न ठरल्यामुळे सोडून जात असल्याची ओळही त्याच बारीक अक्षरात असते. मास्तर बदलतो तेव्हा पान बदलत नाही. जुन्या हाताने लिहिलेले असते, की आज मी या शाळेचा कार्यभार सोडला. त्याच्या खाली एखादी ओळ मोकळी, आणि मग वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात : आज मी या शाळेचा कार्यभार स्वीकारला. हजेरी अमुक. हवा थंड. दुसऱ्या इयत्तेतील मुले गणितात कच्ची.